बदनापूरचं पान

६ जानेवारी, सोमवार
नात गंधाली नववीत. तिचा प्रोजेक्ट : जगातले देश आपले जुने कम्युनिस्ट पुढारी कसे आठवतात, मुलांना काय शिकवतात. घरात जिवंत इतिहास बसलाय आणि ही मोबाईल बघते! बदनापूरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. दर एकवीस जानेवारीला, लेनिनच्या पुण्यतिथीला, त्याचा प्लॅस्टरचा अर्धपुतळा टेबलावर ठेवून माझी कविता म्हटली. 'घाम तुझा अन् भाकर अमुची, थोर पित्या, तू गेलासी!' नाव मुद्दाम घेत नसे. वृत्त मोडायचं. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरचेसुद्धा.
संकल्प : रोज पहाटे तिला एक तास शिकवणे.

७ जानेवारी
थंडी. उद्यापासून.

१० जानेवारी
गंधालीनंच मला शिकवलं. मॉस्कोत देह अजून काचेत. व्हिएतनाममध्ये नोटांवर त्यांचा पुढारी. हंगेरीत पुतळे उचलून एका बागेत नेले. बर्लिनमध्ये लेनिनचा पुतळा पुरला, मग डोकं उकरून म्युझियममध्ये. ऐकून काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.
म्हणालो, शेवटी बदनापूरचं पान टाक. इथे तो पोरांच्या काळजात आहे. विचार माझ्या विद्यार्थ्यांना.

१४ जानेवारी, संक्रांत
पुतळा धुतला. नाक गेलं. बायको म्हणाली, तिळगूळ खा अन् गप बसा.

१९ जानेवारी, रविवार
अंगद आला. चौऱ्याण्णवची बॅच, आता जालन्याला स्टीलच्या मिलमध्ये सुपरवायझर. सोबत झेंडूचा हार. डोळे भरले माझे. गंधालीनं वही उघडली, पुतळ्याकडे बोट दाखवून विचारलं, सरांनी या नेत्याबद्दल काय शिकवलं?
अंगद म्हणाला, कोन्ता नेता? हे तर सरांचे वडील ना? आम्ही समदे तेच समजून राह्यलो बाई. वडलांच्या श्राद्धाला सर रडायचे, मंग कोन हसंल? बिलकुल आवाज न्हाई करायचो.
गंधालीनं मंठ्याला, त्याच बॅचच्या धर्मराजला फोन लावला. तो म्हणाला, सरांचे वडील लई कष्टाळू होते, कवितेतच होतं की.
अंगदनं पुतळ्याला हार घातला, पाया पडला, चहा घेऊन गेला.

२१ जानेवारी
पान तयार. 'बदनापुरात त्यांना एका सरांचे वडील म्हणून आठवतात.' खोडायला सांगणार होतो. राहिलं. पुतळ्यावरचा हार सुकलाय, बायकोनं काढला नाही.
कविता म्हटली. एकट्यानंच.
दुपारी आरशात पाहिलं. कपाळ तसं जुळतं.