फितूर झाडं

२ जानेवारी
मत्स्यटाकीतली प्लॅस्टिकची झाडं आजपासून बंद. काल जेवताना साडू सगळ्यांसमोर म्हणाले, पाण्यातली ती लाल पानांची झाडं जगवणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, त्यांना मृदू, कमी क्षारांचं पाणी लागतं. बोलताना बघत होते माझ्याकडे. हा माणूस लग्नापासून मला पाण्यात पाहतो. एप्रिलमध्ये त्यांना घरी बोलावणार. मग कळेल कोण किती पाण्यात आहे ते.

५ जानेवारी
मोठी टाकी आणली. जागा खिडकीजवळच्या कोपऱ्यात. तिथे हिचं शिलाई मशीन होतं. ही म्हणाली, शिवायला तिथेच उजेड मिळतो. मी म्हटलं, झाडांनाही उजेड लागतो. मशीन आत पलंगाच्या पायथ्याशी सरकवलं. बरीच वादावादी. शेवटी ठरलं, साडू येईपर्यंत झाडं जगली तर कोपरा माझा, नाहीतर मशीनचा. लगेच हो म्हटलं. बिचारी.

६ जानेवारी
दुकानदाराने झाडं दिली आणि बजावलं की नळाचं पाणी जड आहे, क्षार फार, फिल्टरचंच घाला. घरी येऊन बघतो तर स्वयंपाकघरातल्या फिल्टरची एक नळी सरळ सिंकमध्ये सोडलेली. आयतं पाणी वाया चाललंय आणि घरात कुणाला पत्ता नाही. नळीखाली बादली लावली. ही काहीतरी सांगायला आली होती. म्हटलं, पाण्यातलं तू मला शिकवू नकोस. गेली.

२० जानेवारी, सकाळी
एका पानाला लाली! साडूंना सहज फोन करून सांगितलं.

२१ जानेवारी
लाली नव्हे. पान सडतंय. साडूंना एवढ्यासाठी परत फोन नको.

३ फेब्रुवारी
या झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. दुकानदार सिलिंडर गळ्यात मारत होता. श्वासात तोच असतो, हे शाळेत शिकलोय. रोज सकाळी नळीने टाकीत फुंकणार.

४ फेब्रुवारी
चक्कर आली. फुंकणं एक दिवसाआड.

१९ फेब्रुवारी
टाकीच्या काचेवर पांढरा थर. उत्तम लक्षण. म्हणजे पाण्यातले क्षार बाहेर पडतायत. हिने थर बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि बादली भरल्याचं सांगून गेली. हल्ली मी न सांगता बादली भरून ठेवते. आवड लागतेय तिला.

२ मार्च
कुठेतरी पाणी मुरतंय. झाडं माना टाकतायत आणि त्यांच्याबरोबर आलेल्या गोगलगायी पोसल्या जातायत. दुकानदाराने रोगट माल दिला. जाऊन चांगलं फैलावर घेतलं. त्याने मुकाट्याने नवीन झाडं बांधून दिली. मनात चोर असल्याशिवाय माणूस इतका मुकाट देतो का?

१८ मार्च
नवीन झाडंही त्याच वाटेवर. लेकरासारखं जपलं, सुट्टी घालवली, आणि ही उलटतायत. हिला चष्मा लागला. आत अंधारात शिवून, म्हणते. वय झालं की लागतोच.

५ एप्रिल
साडू आले. टाकीत पाणी तपासायची कसलीशी कागदाची पट्टी बुडवली, तिचा रंग बघितला. मग विचारलं, पाणी कुठलं घालता. मी अभिमानाने नळी दाखवली. ते हळू आवाजात म्हणाले, "अहो, हे फिल्टरने टाकून दिलेलं पाणी. नळाच्या पाण्यातले सगळे क्षार यातूनच बाहेर जातात."

म्हणजे इतके दिवस मी नळापेक्षाही जड पाणी पाजत होतो. साडू हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. उरलेल्या काड्या पिशवीत घालून म्हणाले, मी बघतो प्रयत्न करून.

ते गेल्यावर हिला विचारलं, तुला माहीत होतं?

"पहिल्याच दिवशी सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, शिकवू नकोस."

मग नंतर का नाही सांगितलंस?

"नंतर मला कोपरा हवा होता."

वर बादल्याही हिनेच भरल्या. एवढी वर्षं संसार केला मी या बाईबरोबर. जेवलो नाही. म्हणजे थोडंसंच जेवलो.

७ एप्रिल
टाकी काढली. मशीन खिडकीजवळ.

१२ मे
साडूंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. माझीच झाडं. लालभडक, टाकीभर. नुसती फितूर. मी दोन महिने फुंकत होतो तेव्हा एक पान धड आलं नाही, आणि तिकडे जाऊन नटली. सगळ्यांनी कौतुक केलंय. हिनेसुद्धा हृदय पाठवलंय.

'मूळ झाडं माझी' असं लिहिलं. खोडलं. 'पाया मी घातला' असं लिहिलं. तेही खोडलं. शेवटी नुसता अंगठा पाठवला.

ही मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "हृदय पाठवा. अंगठा बरा दिसत नाही."

पाठवलं.