चिलटं कुणाची?

४ फेब्रुवारी, सकाळ

ही काल भावाकडे गेली. भांडून नव्हे. बॅग मात्र मोठी नेली.

मुद्दा तोच, स्वयंपाकघरातली चिलटं. (चिलटं नव्हे, फळमाश्या. अकरा वर्षं सांगतोय.) हिचं म्हणणं, मी त्या प्रयोगशाळेतून अंगावर घेऊन येतो. माझं म्हणणं, केळी उघडी ठेवली की येणारच. दारात उभी राहून म्हणाली, एकदा, फक्त एकदा म्हणा की चूक तुमची आहे, मी बॅग खाली ठेवते. मी म्हणालो, पुराव्याशिवाय कसं म्हणू? फळमाश्यांच्या प्रथिनांवर उभी हयात घालवलेल्या माणसाला असं विचारायचं म्हणजे कमाल आहे.

संकल्प: पंधरवड्यात शास्त्रीय निकाल. मग ही आपणहून परत येईल आणि मी काही बोलून दाखवणार नाही. मोठ्या मनाने.

५ फेब्रुवारी

योजना सोपी. माशी चिरडायची, तिचा रस जेलच्या लिबलिबीत वडीवर ठेवायचा, वीज सोडायची. प्रथिनं पळतात. रंग दिला की कोण कुठवर पोचलं त्याचे पट्टे दिसतात. बाहेरच्या माश्यांत एका प्रथिनाचे दोन प्रकार सापडतात, एक जलद, एक रेंगाळणारा. आमच्या प्रयोगशाळेच्या बाटल्यांतल्या माश्या पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वाढलेल्या, त्यांच्यात फक्त रेंगाळणारा. म्हणजे घरच्या माश्यांत दोन्ही पट्टे दिसले की मी सुटलो. दिसणारच.

ओट्यावर सापळ्याची बाटली ठेवली. आत घालायला केळं मलाच आणावं लागलं.

९ फेब्रुवारी

सगळे पट्टे रेंगाळणारे. जेल बिघडलं असणार. वीजही दिवसभर कमीजास्त होत होती.

११ फेब्रुवारी

पुन्हा केलं. जेल झकास. सगळे पट्टे रेंगाळणारे.

शेजारच्या खोलीतले उंदीरवाले (उंदरांवर संशोधन करतात, बाकी माणूस बरा) डोकावले. म्हणाले, हा तर तुमच्याच बाटल्यांतला स्टॉक. मी म्हणालो, या घरच्या माश्या आहेत. ते हसत सुटले. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

१२ फेब्रुवारी, दुपार

सुचलं! नैसर्गिक निवड! आमच्या स्वयंपाकघरात असं काहीतरी आहे की तिथे रेंगाळणारेच तगतात. गॅसची धग? खिडकीचं ऊन? पेपर होणार, नक्की होणार.

हिला लगेच फोन केला, सगळं समजावून सांगितलं. हिने विचारलं, जेवलात का? मी म्हणालो, पेपरात तुझे आभार मानीन. फोन कट झाला. हल्ली रेंजचं काही खरं नाही.

१६ फेब्रुवारी

हिचं घरात नसणं हा आयता कंट्रोल (तुलनेचा नमुना) आहे, हे आज ध्यानात आलं. ओट्यावर फळं नाहीत, उघडं अन्न नाही, सापळाही उचलला. कचरा मी रोज टाकतो (मध्ये दोनदा राहिला). माश्या हिच्यामुळे येत असतील तर आता कमी व्हायला हव्यात.

वाढल्या आहेत. दाढी करताना आरशावर बसलेल्या असतात.

यालाही कारण असेल. थंडी ओसरते आहे.

१९ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या ओट्यावर बाटली ठेवू दिली. विचारत होत्या, वहिनी दिसत नाहीत बऱ्याच दिवसांत? मी म्हणालो, प्रयोग चालू आहे.

२२ फेब्रुवारी

खालच्या घरातल्या माश्या: जलद, रेंगाळणारा, दोन्ही. एकच इमारत, एकच फळवाला, एकच सांडपाण्याचा पाइप. एका जिन्याच्या अंतरात नैसर्गिक निवड बदलत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवतो.

जेलचं काय, ते धुऊन टाकता येतं. पण ही खरंच परत आली नाही तर? भीती वाटते आहे, साधी भीती. चहा दोन कप टाकला आणि दोन्ही मीच प्यायलो.

फोन करावा का? उद्या.

२५ फेब्रुवारी

उंदीरवाल्यांनी सुचवलं, स्वेटर बघा एकदा. केवळ त्यांच्या समाधानासाठी खिसे उलटे केले. डाव्या खिशातून बाटलीचा कापसाचा बोळा निघाला. त्याला खाद्य चिकटलेलं. खाद्यात अळ्या, चांगल्या बाळसेदार. बोळा काढला की खिशात टाकायची सवय आहे मला. खिसे रिकामे करत जा, असं ही म्हणायची खरी.

तरी एका बोळ्यावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल. आजपासून स्वेटर प्रयोगशाळेतच ठेवायचा, निघताना केस झटकायचे. माशीच्या निदान एक-दोन पिढ्या जाऊ द्यायच्या. मगच हिला सांगायचं, म्हणजे बोलायला जागा उरणार नाही.

३ मार्च

हिचा फोन. स्वतःहून! विचारलं, काही सांगायचंय का मला? आवाज मऊ होता. जिभेवर आलं होतं. पण म्हणालो, अजून नाही, थोडं थांब, आकडे पक्के होऊ दे.

बरं, म्हणाली. संयम राखला याचं समाधान वाटतं. झोप मात्र लागत नाही.

१४ मार्च

घरात एकही माशी नाही. निकाल स्वच्छ, शंकेला जागा नाही. ही जिंकली! जपून ठेवलेल्या सगळ्या माश्या शेजारीशेजारी पळवल्या, इतकं सुरेख जेल उभ्या नोकरीत निघालं नव्हतं. फोटो मोठा करून घेतला. उद्या जातो, हिला घेऊनच येतो. चादरी बदलल्या.

१५ मार्च

गेलो. मेहुण्याच्या घरी सगळे टेबलाशी बसले. मी फोटो मांडून पट्टे समजावले, खालच्या बाईंचे, आमचे, प्रयोगशाळेचे. निष्कर्ष सांगितला: माश्या प्रयोगशाळेतल्याच, वाहक मी.

हिने नीट ऐकलं. मग विचारलं, अकरा वर्षं मी हेच सांगत होते, त्यात काय कमी होतं? मी म्हणालो, कंट्रोल.

ही हसली. मला वाटलं, मिटलं. बॅग भर म्हणालो. फोटो छान आलाय, म्हणाली आणि आत गेली, ती बाहेर आलीच नाही. मेहुणा बसस्टॉपपर्यंत पोचवायला आला.

बसमध्ये लक्षात आलं. पट्टे दाखवले, निष्कर्ष सांगितला. चूक माझी, हे म्हणायचं राहूनच गेलं. पुढच्या खेपेस आधी तेच.

१७ मार्च

फोन उचलत नाही. कामात असेल.

२१ मार्च, रविवार

मेहुणा टेम्पो घेऊन आला. हिचं शिवणाचं मशीन न्यायला. मी म्हणालो, असू दे इथेच, आल्यावर लागेल तिला. तो मशीनचं झाकण बसवू लागला.

मग म्हणालो, तिला सांग, चूक माझी होती. तो म्हणाला, ते तिला हवं होतं तेव्हा तुम्ही सांगायचं होतंत, भाऊजी.

मशीन बिडाचं, त्याला एकट्याला हलेना. एक बाजू मी धरली. जिना अरुंद, वळणावर अडलं, तेव्हा मीच तिरकं करायला सांगितलं. मग नीट उतरलं.