रक्त पोचत नाही तिथे

४ मार्च

तिसरं इंजेक्शन झालं. डावा डोळा. ऐकूनच लोकांच्या पोटात गोळा येईल — म्हणजे आला असता, कुणाला सांगितलं असतं तर. तसं फार दुखत नाही. थेंब घालून बधिर करतात, वर बघा म्हणतात, आणि चिमटा बसावा तेवढंच.

परिचारिकेनं विचारलं, सोबत कोण आहे? म्हटलं, भाचा खाली गाडी लावतोय. मागच्या दोन्ही खेपेला तो गाडीच लावत होता. तिनं नुसती मान हलवली. कळलं असावं. डोळ्यावर झाकण घेऊन बसनं घरी आले. उतरताना पायरी चुकली. एका परक्या बाईनं दंड धरला, थांबली, मी नीट उभी राहिल्यावर गेली. आज दवाखान्याबाहेर माझा कुणाशी संबंध आला तो एवढाच.

१९ मार्च

शिवणाच्या दुकानात आज काळ्या कोटाला काळं अस्तर. दोरा ओवण्यातच अर्धी दुपार. मालकीणबाई बघत होत्या. कोट उचलून दुसरीला दिला, आणि माझ्यापुढे बटणांचा डबा ठेवला. तीस वर्षं शिवतेय मी. बटणं!

२ एप्रिल

आज नवं यंत्र. शिरेत रंग टोचायला नको, काही नको. डोळ्याच्या पडद्यातलं रक्त कुठे वाहतंय नि कुठे नाही, ते नुसत्या उजेडानं टिपतं. यंत्रावर एक जाडजूड गृहस्थ. ‘हनुवटी टेकवा, हनुवटी टेकवा’ इतक्या वेळा म्हणाले की मी त्यांचं नावच हनुवटीवाले ठेवलंय. हिरव्या फुलीकडे बघा, पापणी हलवू नका. ती फुली मला मधूनच तुटलेली दिसत होती.

मग डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवलं. उजव्या डोळ्यात बारीक पांढरं जाळं, दाट. डाव्यातही तसंच, पण मधल्या जागेला लागून एक काळा तुकडा. मी विचारलं, हे पुसलं गेलंय का? त्या हसल्या नाहीत.

“सूज उतरलीये. इंजेक्शननं त्याचं काम केलंय. पण इथे रक्तच पोचत नाही. बंद झालेल्या वाहिन्या शक्यतो पुन्हा उघडत नाहीत. उरलंय ते राखायचं आपण.”

इतकं सरळ मला बऱ्याच दिवसांत कुणी काही सांगितलं नव्हतं. बरं वाटलं.

घरात आणखी कुणाला साखर होती का, असंही विचारलं. आईला होती. भावंडं? म्हटलं, एक थोरली बहीण. तिला दिसत चांगलं असलं तरी डोळे तपासून घ्यायला सांगा, म्हणाल्या. सांगते म्हणाले. जशी काही रोज बोलते मी ताईशी.

५ एप्रिल

आठ वर्षं झाली ताईशी बोलून. आई शेवटची तीन वर्षं माझ्याकडे होती. तिचं सगळं मी केलं, एकटीनं, दुकानातलं काम सांभाळून. ताई दहा दिवसांसाठी आली आणि जाताना दारात म्हणाली, तू आईकडे नीट बघत नाहीस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. आई गेली तेव्हा ती आली, पण आम्ही दोघी बोललो नाही. तिथून पुढे नाहीच.

११ एप्रिल

फोन केला. तीनदा नंबर फिरवून ठेवला होता, चौथ्यांदा वाजू दिला. ताईचा आवाज जाड झालाय. मी एका दमात सांगितलं — साखर, पडदा, तपासणी. ती म्हणाली, तिचे डोळे ठणठणीत आहेत, मी माझे सांभाळावेत. ठेवला.

झालं. निरोप दिला. माझं काम संपलं.

१२ एप्रिल

संपलं म्हणे. दिवसभर तोच आवाज कानात.

१८ एप्रिल



दुकानात गिऱ्हाइकांसाठीचा उभा आरसा आहे. मी बटण लावत होते. वर पाहिलं तर आरशात आई. मान एका बाजूला कलती, चेहरा डावीकडे, नजर तिरकी. मीच होते. सरळ बघितलं की अक्षर तुटतं, म्हणून आपोआप मान वळते — मला पत्ताही नव्हता.

आई शेवटी शेवटी अशीच बघायची माझ्याकडे. मला वाटायचं, रुसली आहे. रुसू दे, म्हणून मी उठून जायची. पाणी ओतताना आई पेल्यात बोट बुडवायची, कुठवर भरलं ते कळायला. मी खेकसले होते एकदा, शी आई, बोट कसलं घालतेस! तिनं बोट पुसलं. 

तिला दिसत नव्हतं. तीन वर्षं एका छपराखाली, आणि मला कळलं नाही.

ताई दहा दिवसांत बघून गेली.

२१ एप्रिल

पुन्हा फोन केला. म्हटलं, ताई, ठेवू नकोस. आईला दिसत नव्हतं, मला आता कळलं. तुझंच बरोबर होतं. मी चुकले.

ताई म्हणाली,

“मला तरी कुठे कळलं होतं? आईनंच सांगितलं. आणि शपथ घातली, धाकटीला सांगायचं नाही. तिला कळलं तर ती शिवण सोडून माझ्याजवळ बसून राहील, म्हणाली. मग मी काय बोलणार होते? नीट बघ म्हटलं. एवढंच म्हणता येत होतं मला.”

मी म्हटलं, आई गेल्यावर तरी सांगायचंस. ताई म्हणाली, तेव्हा सांगून तुला आयुष्यभर टोचणीच दिली असती. त्यापेक्षा तू माझ्यावर रागावलेली बरी.

 कुणी आधी फोन ठेवला, आठवत नाही.

३० एप्रिल

चौथं इंजेक्शन परवा झालं, आज पुन्हा यंत्र. काळा तुकडा तेवढाच आहे. मिटला नाही, वाढलाही नाही. हनुवटीवाल्यांनी आधीचं चित्र आणि आजचं शेजारी लावून दाखवलं, जणू त्यांचीच कमाई. छान बसता तुम्ही, अजिबात हलत नाही, म्हणाले. हलण्यासारखं आहे काय माझ्या आयुष्यात, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

सूज उतरल्यावर जेवढं दिसायला लागलंय, तेवढं धरून चालायचं. जाड दोरा ओवता येतो. मालकीणबाईंना स्वतःहून सांगितलं, बारीक काम मला देऊ नका. तोंडानं म्हटल्यावर वाटलं तेवढं लागलं नाही.

३ मे

ताईचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्या तपासणीला उपाशीपोटी जायचं का?

म्हटलं, नाही गं, जेवून जा. पण थेंब घातल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, एकटी जाऊ नकोस. भाऊजींना गुडघ्यामुळे दोन जिने उतरवत नाहीत, म्हणाली. मग जरा थांबून — बघते मी माझं.

ते ‘बघते मी माझं’ मला चांगलं ठाऊक आहे. माझंच वाक्य.

८ मे

ताईच्या दोन्ही डोळ्यांत सूज आहे. रक्त मात्र अजून सगळीकडे पोचतंय — वेळेवर आल्या म्हणाले. मंगळवारी पहिलं इंजेक्शन. मालकीणबाईंकडून महिन्याची रजा घेतली. उद्या सकाळच्या गाडीनं ताईकडे निघते. ही वही इथंच ठेवते.