तो मळ नव्हता, आई

आई, तो मधाच्या रंगाचा दगड घरीच राहिला. बाकीचे सगळे काल गेले. पडेगावकडच्या खदानीतले पांढऱ्या स्फटिकांचे झुपके, हिरवट खडे, फोडल्यावर आत चमचमणारे ते गोटे, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून कॉलेजवाल्यांनी त्यांच्या संग्रहालयात मांडायला नेलं. कपाट रिकामं झालं आणि घर एकदम परक्याचं वाटायला लागलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुटले बाई! धोंडे पुसून पुसून हात गेले माझे." पुसायचीस मात्र तूच, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस.

हा दगड मामाच्या विहिरीतला. गंगापूरला विहिरीचं काम चालू होतं, सुरुंगानं फोडलेल्या काळ्या दगडांचा ढीग बांधावर पडलेला. मी भर उन्हात तो उपसतेय आणि मामी म्हणतेय, "पोरीच्या जातीला हे काय भलतंच येड?" तू तिला तिथल्या तिथं गप्प केलंस. "वेचू दे की. सोनं तर मागत नाय ना माझी लेक?" आणि मग पदर खोचून स्वतःच ढिगात बसलीस. तो सापडला तोही तुलाच. "ए, हे बघ गं, गुळाचा खडा!" बाजू अशा गुळगुळीत की जणू कुणी कापून ठेवल्यात, आणि उन्हात धरला तर आतून उजेड यायचा. परत येताना जीपमध्ये माणसावर माणूस बसलेला. कुणीतरी म्हणालं, मावशी, गाठोडं खाली ठेवा. "नाय बाबा, काचंचं हाय," म्हणून तू तो शहरात येईपर्यंत मांडीवरच धरून बसलीस. माझ्या सगळ्या संग्रहात कॅल्साइटचा असा खडा दुसरा नव्हता.

आणि मग ती दिवाळी. मी बाहेरून येते तर तू मोरीत बसलेली, पुढ्यात समई, तांब्या, देवाची घंटी, चिंचेचा कोळ, कापलेली लिंबं. आणि त्या पितळेच्या रांगेत माझा दगड! घामाघूम झालीयेस, पण खुशीत. "ये, ये, बघ तरी! लिंबू लावलं की कसा फेस येतोय. लई मळ हाय बघ यात. निघतोय, निघतोय, सरतच नाय!" मी किंचाळलेच. अगं आई, तो मळ नाही, दगडच विरघळतोय! आंबट लागलं की हा असाच फसफसतो. एका बाजूची सगळी चमक गेली होती, कडा बोथट झाल्या होत्या. "तुला काय कळतंय यातलं?" असंही मी म्हणाले. तू लिंबू खाली ठेवलंस. "तुझ्या एवढ्या दगडांत हाच तेवढा माझा. म्हणलं, सणाला चकचकीत करावा." पदरानं कोरडा केलास आणि जागेवर नेऊन ठेवलास. त्यानंतर कपाट पुसताना दर वेळी विचारायचीस, "याला ओलं फडकं चालतं का गं?" ते तुझं विचारणं मला अजून टोचतं.

काल कॉलेजचा तो तरुण प्राध्यापक दगड हातात फिरवत म्हणाला, "हा खराब झालाय, मॅडम. कुणी केलं हे?"

"आईनं," मी म्हणाले.

"मांडता नाही यायचा. पण द्या, मुलांना ॲसिडचा प्रयोग दाखवायला बरा आहे. रोज थोडा थोडा वापरू."

"ठेवा तो खाली," मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. मग जरा वेळानं, भीत भीत, "पण ही कड तर अलीकडची वाटतेय, मॅडम." मी चहा टाकायच्या निमित्तानं आत निघून गेले.

हे पत्र काही पोस्टात पडणार नाही, त्या दगडाखालीच ठेवीन. म्हणून तुला सांगते. दर दिवाळीला समई घासून झाली की उरलेल्या लिंबाचा एक थेंब मी त्या कडेवर पिळते. फेस येतो. कान जवळ नेला की बारीक आवाज येतो, आणि तू मोरीत बसलेली दिसतेस, लई मळ हाय बघ यात. दगड झिजतो, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी हात थांबत नाही. काल त्या पोरापुढं सगळं तुझ्याच नावावर खपवलं, आई. त्यातलं निम्मं माझं आहे.