सगळ्या फायली वैशालीच्या नावावर

९ जून २००३
आज वाईट झालं. फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीच्या, ड्रॉइंगमधलं भोकाचं माप कुणीतरी बदललं आणि अख्खा लॉट भंगारात. सर्व्हरवर ती फाइल वैशालीच्या नावावर. ड्रॉइंग सेक्शनची आमची वैशाली, केसभर फरकासाठी फोरमनशी भांडणारी! साहेबांनी तिला घरी बसवलं. "कॉम्प्युटर खोटं बोलतो का, जयंत?" सर्व्हर नुकताच माझ्या गळ्यात पडलाय, निम्मं कळत नाही.

११ जून
वै.चा फोन, एकलहऱ्याच्या घरून. "जयंतदादा, ते माप बदललं त्या दिवशी मी भावाच्या साखरपुड्याला कळवणला होते हो. रजा मांडलीय."
साहेबांना सांगितलं. म्हणे, पासवर्ड दिला असेल कुणाला. या माणसाकडे उत्तर तयारच असतं. डोकं फिरलं.

१२ जून
फोरमन नानाभाऊ, देवळ्याचे, तिच्याशी रोज भांडणारे, ते आज म्हणाले, "ताई असं नाय करनार. लय चोख काम हाय तिचं. पन कंप्युटरचं आपल्याला काय कळतंय?"
मला तरी कुठे कळतंय!

१३ जून
कॅन्टीनची सूचना टाइप करून कॉमन फोल्डरमध्ये टाकली. पाहतो तर ती वैशालीच्या नावावर! ती एकलहऱ्यात रडत बसलीय आणि इथे मिसळीची वेळ जाहीर करतेय. स्टोअर्सच्या फोल्डरमध्येही तेच. फक्त अकाउंट्समध्ये वेगळं नाव. पण असं का...

१४ जून
सापडलं. सेटिंगच्या फाइलमध्ये वर ग्लोबल भाग, खाली एकेका फोल्डरचा आपापला. ज्या फोल्डरने स्वतःचं काही सांगितलं नाही, त्याला वरचं लागू. सर्व्हर बसवणाऱ्याने ड्रॉइंगपुरतं ठरवलं होतं की कुणीही फाइल टाको, ती वैशालीच्या नावावर जावी, परवानग्यांची कटकट नको. ती ओळ पठ्ठ्याने लिहिली ग्लोबलमध्ये. अकाउंट्सला स्वतःची ओळ होती म्हणून ते वाचलं. बाकी सगळी कंपनी वैशाली होऊन काम करतेय, आणि वै.ला जिथे मुभा तिथे सगळ्यांना मुभा. ड्रॉइंग कुणीही बदललं असेल.

१६ जून
साहेबांना त्यांच्याच हाताने फाइल सेव्ह करायला लावली. नाव वैशालीचं. गडी गार पडला. वाटलं, सुटली पोरगी. तर म्हणतात, "मग केलं कोणी?"
"ते आता कळणार नाही, साहेब."
"मग कस्टमरला काय सांगू? दुसरं नाव आण, तिला परत घेतो."
संताप संताप झाला. तरी 'बघतो' म्हणून बाहेर आलो. घरी बायकोपोरं आहेत.

१७ जून
ग्लोबलमधली ओळ काढली. नव्या फायली ज्याच्या त्याच्या नावावर जातायत. जुन्याही एका कमांडने बदलता येतील, हात शिवशिवले. पण मग दाखवणार काय? ती रजेवर होती त्या दिवसाच्या इतर विभागांच्या फायलीही तिच्याच नावावर, हाच तर पुरावा. तशाच ठेवल्या.
संध्याकाळी वै.चा फोन. "माझं नाव काढलंत ना?"
नव्यांवरून काढलं म्हणालो. जुन्या का ठेवल्या तेही सांगितलं.
तिने विचारलं, "म्हणजे मी सुटायचं तर सगळं माझ्याच नावावर राहायला हवं?"
हो म्हणालो. माझ्याच मनाला फार लागलं.
उद्या साहेबांनी बोलावलंय. नाव घेऊनच ये म्हणालेत.