जमनाबाईचा डबा कोणता

सोम. ४ मे
तीनदा बोलले होते मी. तीनदा. कॉम्प्युटरवाला किशोर हसला, अन् आता फोन उचलत नाही. शनिवारी शहाद्याहून आला, कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर नवीन केलं अन् गेला. आमच्या बियाणेघराची सगळी यादी त्यातच, कोणत्या डब्यात कोणत्या बाईचं बी. आज पाहिलं तर माझी तूर गंगूबाईच्या नावावर. गंगूबाईने जन्मात कधी तूर दिली नाही.
बिघडलं तर मागे कसं यायचं, विचारलं होतं ना. म्हणे, "मावशी, बॅकअप लिधा शे." म्हटलं, घेतलास ती नक्कल उघडून पाहिली का? दुसऱ्या मशीनवर? आम्ही पेरायच्या आधी एक ओंजळ बी राखेत घालून मडक्यात ठेवतो. नवं दोन पानांवर येईपर्यंत मडक्याला कोणी हात लावत नाही. तर म्हणे, "हाई वावर नही मावशी, डेटाबेस शे."
बरं बाबा.

मंगळ. ५ मे
मनीषाने, म्हणजे सुनेने, आणखी घोळ केला. यादी तीच सांभाळते. नव्या सॉफ्टवेअरने डब्यांना नवे नंबर दिले, म्हणून तिने रविवारी बसून ओल्या फडक्याने जुन्या चिठ्ठ्या काढल्या अन् नव्या चिकटवल्या. दोन फळ्या उरकल्या. चाळीस डबे. नावं आत वर-खाली झालीत हे तेव्हा कोणाला माहीत?
लई बोलले तिला. ती जेवली नाही. मग मलाही गेलं नाही.
एक बरं, डबे जागचे हलवले नाहीत. जुन्या यादीत फळी कोणती, डबा कितवा, सगळं होतं. ती यादी परत आली तर सुटेल. आता खोलीला कुलूप. चावी माझ्या कमरेला.

गुरु. ७ मे
किशोर आला एकदाचा. पेनड्राइव्ह लावला. नक्कल आहे, उघडत नाही. फक्त जुन्या सॉफ्टवेअरमध्येच उघडते म्हणे, अन् जुनं यानेच काढून टाकलं, जागा पुरत नव्हती म्हणून. घराची चावी घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं.
दोन तांबे पाणी प्यायला. ओरडायचं होतं, पण त्याचं तोंड पाहून जीव झाला नाही. कंटाळा आला नुसता.
खोदून खोदून विचारलं तेव्हा आणखी एक बोलला. जुनी यादी परत आणली तर शनिवारनंतर भरलेलं सगळं जाईल. सहा बायांच्या बियाण्याची नोंद. हे आधी कोण सांगणार होतं? मनीषाला सहाही नावं वहीत उतरवायला बसवलं. तेवढं तरी झालं.

शनि. ९ मे
जमनाबाई आली. तोरणमाळच्या खालच्या पाड्यावरून, जीपमध्ये उभी. दोन वर्षांमागे तिने आईची ज्वारी ठेवली होती इथे. आई गेली. घरचं होतं ते पेरलं, अन् गेल्या साली उभं पीक रानडुकरांनी खाल्लं. आता जगात ती ज्वारी आहे ती आमच्या फळीवर. अन् फळी तीच, चिठ्ठ्या काढलेली.
ज्वारीचे नऊ डबे उघडून दाखवले. हातावर घेऊन पाहिलं तिने. म्हणाली, दाणा सगळा सारखाच, कणीस असतं तर सांगितलं असतं. नऊच्या नऊ पेरून बघू म्हटलं, तर तिचं वावर एवढंसं, अन् बाकीचं बी दुसऱ्या बायांचं.
मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मन्ही ज्वारी गयी का व?"
तिची बोली पावरी. माझ्यासाठी अहिराणीत बोलली.
नाही म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे. चहा घेतला नाही तिने. पुढच्या शनिवारी येते म्हणाली.

रवि. १० मे
किशोरला शिव्या देते, पण माझं काय. कॉम्प्युटर यायच्या आधी प्रत्येक बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी डब्याच्या कडीला बांधायची. जिची चिंधी तिचं बी. लिहिता येवो न येवो. पाहुणे येणार होते, बरं दिसत नाही म्हणून मीच सगळ्या सोडवल्या. मीच. किशोर नव्हता तिथे.
माळ्यावर पोतं सापडलं. सगळ्या चिंध्या आहेत. जमनाबाईची लगेच ओळखली, हिरवी, लाल काठाची. गाठ अजून तशीच.
चिंधी आहे. डबा कोणता ते...

सोम. ११ मे
किशोरचा फोन. नंदुरबारला मित्राच्या जुन्या मशीनवर ते सॉफ्टवेअर "असू शके". असू शकतं. घेऊन येतो, टाकून बघतो म्हणे. म्हटलं, इथे टाकायचं नाही. मनीषाकडून मोबाईलवर लिहून पाठवलं, म्हणजे नंतर ऐकलं नाही म्हणायला नको. इथेही उतरवते.
किशोर, नक्कल आधी तिकडेच उघड. जमनाबाईचं नाव, फळी अन् डबा दिसला की त्याचा फोटो पाठव. आमची आत्ताची यादी, वाकडी का असेना, तिचीही नक्कल घे अन् तीही उघडून दाखव. तोवर आमच्या मशीनला हात लावू नको. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मला एवढंच सांग, जमनाबाईचा डबा कितवा. सापडला नाही तर नाही म्हण, पण शुक्रवारीच म्हण. शनिवारी ती जीपमधून उतरेल, तेव्हा हिरवी चिंधी माझ्या हातात असेल. ती कुठे बांधू?