हेरंब नवरो छे?

बडोदे,
१९ जानेवारी १९९५

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. भांडण बाबांशी आहे, तुझ्याशी नाही, म्हणून नमस्कार पुरता घालतो. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा सुधारलाय. उत्तरायण संपलं तरी गच्चीवर अजून पतंगांचा मांजा पायात येतो. भाऊजींचा खोकला गेला का?

तुझं पत्र काल मिळालं. पहिलीच ओळ, "कोर्टात लग्न केलंस का रे, गाढवा?" नाही केलं. ही बातमी मामीची, दुसऱ्या कुणाची असणार!

झालं एवढंच की उत्तरायणासाठी मामी साताऱ्याहून आली होती. फोन वाजला, तिनं उचलला. पलीकडून फाइन आर्ट्सची नयना म्हणाली, "हेरंब नवरो छे?" इथलं शेंबडं पोरही सांगेल की गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, मोकळा. पण मामी पडली सातारची. रिसीव्हर हातातून सुटला आणि ती ओरडली, "वन्सं, हेरंब हिचा नवरा आहे म्हणते हो!"

आईच्या हातातली उंधियूची पातेली खाली आली. बाबा नुकतेच कोयलीच्या रिफायनरीतून आले होते, पायात बूट तसेच. ते म्हणाले, "वहिनी, ती विचारतेय, तो रिकामा आहे का." मग माझ्याकडे बघून, "आणि आहेच की! कॉलेज सोडल्यापासून दुसरं काय आहे हा?"

मामीला अर्थ पटला नाही. परतताना तुझ्याकडे उतरून तिनं माझं लग्न लावून टाकलं. मला बाबांचं वाक्य लागलं, ते मात्र कुणी तुझ्यापर्यंत पोचवलं नाही.

तू लिहितेस, मुलीपायी शिक्षण सोडू नकोस. मुलीपायी सोडलेलं नाही. नीट वाच.

आपल्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग, चित्रकला, संगीत सगळं एका नावाखाली. पण आमच्या इंजिनिअरिंगचा कुणी रस्ता ओलांडून फाइन आर्ट्सला गेला तर फक्त मुली बघायला. मीही त्यासाठीच गेलो, लपवत नाही. तिथे नयना मातीची एक बाई घडवत होती. डोक्यावर गॅसचा बाटला, जिना चढणारी, एक पाय हवेत. ओली माती चढली की बाई घोट्यातून वाकायची. दोनदा पडली. नयना रडत नव्हती, शिव्या देत होती. मी म्हटलं, "सगळं वजन एका घोट्यावर येतंय. आतला लोखंडी सांगाडा मी करतो."

ताई, तीन वर्षं वर्गात जी गणितं मी जांभया देत सोडवली, ती त्या घोट्यासाठी झोप सोडून सोडवली. वेल्डिंग शिकलो, हात भाजले. माती चढली आणि बाई उभी राहिली. मग तसाच दुसरा सांगाडा जोडून मी तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मांडला. आमचे सर म्हणाले, "हे कसलं भूत? क्रेन कर." मी म्हटलं, "क्रेन बाटला उचलते, ही बाईही उचलते. गणित तेच आहे, तपासा." वर्ग हसला. सरांना वाटलं मी हसवला. लेखी माफी मागितल्याशिवाय वर्गात यायचं नाही, असं ठरलं. मी दप्तर उचललं आणि निघालो. यात मुलगी कुठे आली?

आली. बरं.

मामीचा किस्सा मी नयनाला मुद्दाम सांगितला. बघू तरी काय म्हणते. ती पोट धरून हसली आणि मातीचा हात माझ्या पाठीवर मारून म्हणाली, "अरे पागल, तू तो मारो वेल्डर छे!" तिचं हार्दिकशी ठरलंय, तिच्याच वर्गातला. सगळ्या फॅकल्टीला माहीत होतं, मी सोडून. शर्टावरचा तो पंजा आईनं धुऊन टाकला. चांगला गेलाही नाही.

हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, चला, रोग गेला, आता माफी माग आणि परत वर्गात बस. बाबांनी सरांशी बोलून ठेवलंय, सोमवारी मला घेऊन जाणार आहेत. तूही मनात हेच म्हणतेयस, मला इथून ऐकू येतंय.

पण ताई, नयना गेली तरी ती बाई उभी आहे. ती प्रेमावर नाही उभी, घोट्यावर उभी आहे, आणि तो घोटा माझा आहे. चुकलेल्या गणिताची माफी मागेन. बरोबर आलेल्या गणिताची कशी मागू?

मकरपुऱ्यात एका वेल्डिंगच्या शेडचा कोपरा मिळालाय. तिथे एका शिल्पकाराच्या घोड्याचा सांगाडा करायला घेतलाय, मागच्या दोन पायांवर उभा राहणारा. सोमवारी बाबा स्कूटर काढतील तेव्हा मी मकरपुऱ्याच्या बसमध्ये असेन. त्यांनी दार लावून घेतलं तर शेडमध्ये झोपेन. आईची समजूत तू काढ, तुझंच ऐकते.

हे पत्र बाबांना फोनवरून वाचून दाखवलंस तरी चालेल. फक्त हार्दिकची ओळ गाळ.

तुझा,
नवरा न झालेला, आणि बाबा काहीही म्हणोत, नवरो तर मुळीच नसलेला
हेरंब